हेअर ट्रान्सप्लांटच्या अकराव्या दिवशी खपल्यांसोबत केस आले, ग्राफ्ट गेले का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ साताऱ्याचे, वय ३४. अकरा दिवसांपूर्वी त्यांनी पुण्यात एफयूई पद्धतीनं, म्हणजे डोक्याच्या मागून केसांचे बारीक पुंजके (ग्राफ्ट) मुळासकट एकेक काढून, कपाळाच्या वरच्या भागात सुमारे २,२०० ग्राफ्ट बसवून घेतले. तिसऱ्या दिवशी क्लिनिकनं डोकं धुऊन दिलं. त्यानंतर भीतीपोटी ते नुसता सलाइनचा फवारा मारत आहेत. खपल्या घट्ट बसल्यात, खाज सहन होत नाही आणि काल सकाळी उशीवर खपल्यांसोबत दहा-पंधरा केस सापडले. ते लिहितात : "ग्राफ्ट गेले का? आई म्हणते खोबरेल लाव, मित्र म्हणतो कांद्याचा रस. तीन दिवसांनी दुचाकीवरून कामावर जायचंय, हेल्मेट चालेल का? क्लिनिकला फोटो पाठवले की 'नॉर्मल आहे' एवढंच उत्तर येतं."

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. केसांचं प्रत्यारोपण आणि त्यानंतरची देखभाल हे माझं नेहमीचं काम. आधी तुमचा जीव भांड्यात पडावा म्हणून सांगतो, तुम्ही वर्णन केलंय त्यावरून ग्राफ्ट गेलेले नाहीत असंच वाटतं. अकराव्या दिवशी खपलीसोबत केस येणं अपेक्षित आहे. मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची : आठ दिवस डोकं धुतलेलं नाही. गळलेल्या केसांनी तुमचं काही बिघडवलेलं नाही, पण साचलेल्या खपल्या बिघडवू शकतात.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी तुमची टाळू पाहिलेली नाही. तुम्हाला मधुमेह आहे का, तंबाखू किंवा सिगारेट चालू आहे का, रक्त पातळ करणारी गोळी घेता का, ग्राफ्ट किती दाट बसवलेत, त्वचा मुळात तेलकट आहे का, यावर बऱ्याच गोष्टी अवलंबून असतात. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी तुमच्यासाठी काही वेगळं सांगितलं असेल आणि त्याचं कारणही दिलं असेल, तर तेच पाळा. मी सांगतोय ते निरोगी माणसाच्या, गुंतागुंत नसलेल्या एफयूईला लागू होतं.

ग्राफ्ट कसा रुजतो ते समजलं की निम्मी भीती जाते. बसवलेला ग्राफ्ट म्हणजे एक ते चार केस असलेला त्वचेचा छोटासा तुकडा, मुळासकट. तो बारीक छेदात ठेवला जातो, टाका नसतो. पहिले दोन-तीन दिवस त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो; आजूबाजूच्या द्रवातून जे पाझरेल त्यावर तो जगतो. त्यानंतर बारीक रक्तवाहिन्या त्याच्याशी जोडल्या जातात आणि भोवतीची त्वचा त्याला धरून बसते. पहिल्या दिवसांत खपली, केस आणि ग्राफ्ट हे तिन्ही एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून खपली ओढली की ग्राफ्ट येतो. अमेरिकेतले रॉबर्ट बर्नस्टाइन आणि विल्यम रासमन यांनी नेमकं हेच तपासलं आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केलं. सहाव्या दिवसापासून नुसता केस ओढून ग्राफ्ट निघेनासा झाला. चिकटलेली खपली ओढली तर मात्र पाचव्या दिवसापर्यंत ग्राफ्ट जातच होता. पुढे हा धोका कमी कमी होत गेला आणि नवव्या दिवशी तो उरला नाही. पहिले आठ-दहा दिवस आम्ही इतकं जपायला सांगतो आणि त्यानंतर धुवायला लावतो, त्यामागे हे कारण आहे.

तुम्ही अकराव्या दिवशी आहात. जपायचा काळ संपला, पण तुम्ही अजून दुसऱ्या दिवसासारखेच वागताय.

मग उशीवरचे केस कुठले? प्रत्यारोपणाच्या धक्क्यानं बसवलेल्या मुळांपैकी बहुतेक मुळं विश्रांतीच्या अवस्थेत जातात. मूळ त्वचेत खाली जिवंत राहतं, वरची काडी सुटते. ती खपलीत अडकलेली असेल तर खपलीबरोबर निघते. असा एखादा केस पांढऱ्या कागदावर ठेवून उजेडात पाहा. टोकाला टाचणीच्या डोक्याहूनही बारीक पांढुरका फुगवटा दिसेल किंवा काहीच दिसणार नाही. ते मूळ नव्हे. ग्राफ्ट निघाला असता तर केसाच्या टोकाला काही मिलिमीटर लांबीचा मांसल, ओलसर तुकडा दिसला असता आणि त्या जागी ताजं रक्त आलं असतं. रक्त ही सगळ्यात भरवशाची खूण. पहिल्या आठवड्यात डोकं कुठे आपटलं किंवा नखानं खाजवलं गेलं आणि तिथे लालभडक थेंब आला, असं काही आठवतंय का? आठवत नसेल तर निश्चिंत राहा. आठवत असेल तर तिथला एखादा ग्राफ्ट गेला असेल. २,२०० मधले एक-दोन गेले तरी आरशात कुणाला कळणार नाही.

आता धुण्याकडे वळू, कारण आज करायचं काम तेच आहे. खपली म्हणजे सुकलेलं रक्त आणि सुकलेला स्राव. ती दोन आठवड्यांच्या पुढे तशीच राहिली की तिच्याखाली घाम आणि तेल कोंडतं, जंतूंना जागा मिळते, खाज वाढते, आणि झोपेत माणूस नकळत नखानं खरवडतो. जाड खपल्यांखालची त्वचा पुढे जास्त दिवस लालसर किंवा काळपट राहते हेही मी पाहतो.

आधी सलाइननं किंवा कोमट पाण्यानं टाळू पूर्ण भिजवा आणि दहा मिनिटं तशीच ओली ठेवा. भिजवण्यात घाई करू नका, अर्धं काम भिजण्यानंच होतं. मग सौम्य शाम्पू, लहान मुलांचा असला तरी चालेल, हातावर घेऊन फेस करा आणि तो फेस टाळूवर ठेवा. शाम्पूची धार थेट डोक्यावर ओतायची नाही. पाच मिनिटांनी बोटांच्या पेरांनी, म्हणजे बोटांच्या मऊ भागानं, अगदी हलकं गोल फिरवत संपूर्ण भागावरून जा. नखं लावायची नाहीत, त्यासाठी आधीच कापून घ्या. मग मगनं पाणी सोडा. शॉवर जोरात असेल तर अजून आठवडाभर टाळा. बादली आणि मग हे या कामासाठी उत्तम साधन आहे, पाण्याचा जोर तुमच्या हातात राहतो. मऊ सुती कापडानं किंवा जुन्या धुतलेल्या पंचानं टिपून घ्या, पुसू नका. हेअर ड्रायरची गरम हवा नको.

पहिल्या दिवशी थोड्याच खपल्या निघतील. जेवढ्या निघतील तेवढ्यावर थांबा. रोज एकदा हेच करा. तीन-चार दिवसांत, म्हणजे चौदाव्या-पंधराव्या दिवसापर्यंत, टाळू स्वच्छ व्हायला हवी. खपल्यांसोबत भराभर केस येतील, मगमध्ये केस दिसतील आणि तुम्हाला पुन्हा भीती वाटेल. तरी धुणं थांबवू नका. एखादी खपली धुण्याच्या पाचव्या दिवशीही हलत नसेल तर ती उपटायची नाही, डॉक्टरांना दाखवायची.

पाण्याबद्दल बरेच जण विचारतात, म्हणून सांगून ठेवतो. बोअरवेलच्या जड पाण्यानं केस राठ होतात, शाम्पूला फेस कमी येतो, पण ग्राफ्ट मरत नाहीत. टाकीचं पाणी गढूळ किंवा टँकरचं असेल तर पहिले दहा दिवस उकळून कोमट केलेलं वापरावं. सलाइनची बाटली एकदा उघडली की निर्जंतुक राहत नाही. दिवसभराचं काढून घेऊन उरलेलं टाकून द्यावं. फवाऱ्याची बाटलीही रोज धुवावी. तीच बाटली आठवडाभर भरून वापरणारे बरेच रुग्ण मी पाहतो, आणि एरवी ते किती काळजी घेत असतात!

आता तुमच्या आईंचं खोबरेल. त्यांना सरसकट चूक म्हणता येणार नाही. दहाव्या दिवसानंतर खपल्या फारच कडक असतील तर धुण्याआधी अर्धा तास खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवून मग शाम्पूनं धुतलं की त्या मऊ पडतात. हे आम्हीही काही रुग्णांना सांगतो. मात्र तेल लावून तसंच ठेवणं, रात्रभर मुरवणं किंवा चोळून मालिश करणं एक महिना तरी नको. बसवलेल्या केसांची बारीक तोंडं तेलानं बंद होतात आणि तिथे पुळ्या येतात. दुसरं असं की तेल केसाच्या काडीला गुळगुळीत ठेवतं, त्वचेखालच्या मुळाला त्यातून खाद्य मिळत नाही. त्यामुळे तेल नाही लावलं म्हणून ग्राफ्ट कमी उगवतील ही भीती नको. महिना-दीड महिना झाला, त्वचा शांत झाली, की आईंच्या हातून तेल लावून घ्या. दिवाळीचं अभ्यंगस्नान नेमकं या काळात आलं तर उटणं आणि तेल अंगाला लावा, डोकं वगळा.

कांद्याचा रस मात्र नाही म्हणजे नाही. नुकत्याच भरलेल्या छेदांवर तो झोंबतो, त्वचा भाजल्यासारखी लाल होते, काहींना त्याची ॲलर्जी येते. लिंबू, अंडं, दही, कोरफडीचा घरी काढलेला गर, मेथीचा लेप, यांनाही पहिले दोन महिने हेच उत्तर. घरचं आहे म्हणून निर्जंतुक आहे असं होत नाही.

दुचाकी आणि हेल्मेट. हा प्रश्न महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक रुग्ण विचारतो, आणि त्यातले काही जण "मग दोन आठवडे बिनाहेल्मेट चालवतो" असंही म्हणतात. तसं करू नका. मोटार वाहन कायद्यानं हेल्मेट सक्तीचं आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी ग्राफ्ट वाचवण्यासाठी कवटी धोक्यात घालणं मला कुठल्याच हिशेबात बसत नाही. साधारण चौदाव्या दिवसापर्यंत गाडी घरी ठेवा. एसटी, रिक्षा, सहकाऱ्याची गाडी, जे जमेल ते. चौदाव्या दिवशी खपल्या गेलेल्या असतील, हात लावल्यावर दुखत नसेल, तर हेल्मेट घालता येईल. तुमचे ग्राफ्ट पुढच्या रेषेवर आहेत, आणि हेल्मेट चढवताना आतलं अस्तर नेमकं तिथेच घासतं. दोन्ही पट्टे बाजूला ताणून, हेल्मेट सरळ वरून खाली ठेवा. कपाळावरून मागे ओढत घालू नका. अस्तर आधी धुऊन वाळवा, आत पातळ सुती टोपी घाला आणि ती रोज बदला. फार घट्ट हेल्मेट असेल तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबा.

ज्यांची शस्त्रक्रिया आता दोन-चार दिवसांपूर्वी झालीय असेही हे वाचतील, म्हणून त्यांच्या काळाबद्दल थोडं. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांदरम्यान कपाळ सुजतं, सूज खाली उतरत डोळ्यांपर्यंत येते, कधी पापण्या उघडत नाहीत. घरचे घाबरतात. टाळूत भरलेला भुलीचा द्रव आणि शरीराचा स्वतःचा स्राव गुरुत्वाकर्षणानं खाली येतो, एवढंच त्यात असतं, आणि आठवड्याच्या आत तो ओसरतो. पाठीमागे उशा रचून डोकं साधारण ४५ अंशात ठेवून झोपलं की सूज कमी येते. थंड शेक द्यायचा तर भुवयांच्या वर, कपाळावर. ग्राफ्टवर बर्फ कधीही नाही. सूज उतरवायला कधी कधी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या जातात, त्यानं साखर वाढते. मधुमेह असेल तर घरी ग्लुकोमीटरवर लक्ष ठेवा आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना कळवा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बहुतेकांना पुरतं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन मनानं घेऊ नका. त्यानं रक्त वाहण्याची शक्यता वाढते. पण हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मनानं बंदही करू नका.

या दिवसांत ग्राफ्ट जातात ते बहुतेक वेळा साध्या कारणांनी. गाडीत बसताना दाराच्या चौकटीला डोकं लागतं. जुन्या घराची ठेंगणी दारं, स्वयंपाकघरातलं उघडं राहिलेलं फडताळ, लोकलच्या गर्दीतलं वरचं हँडल, कडेवर घेतलेल्या बाळाचा हात. गळ्यातून घालायचा टी-शर्ट ओढताना तर फारच. पहिले दहा दिवस पुढून बटणं असलेले सदरे घाला आणि वाकून वस्तू उचलण्याऐवजी गुडघ्यात बसा.

तंबाखूचा मुद्दा मी प्रत्येकाला वेगळा बसवून सांगतो. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि नव्या ग्राफ्टचं जगणं त्याच बारीक वाहिन्यांवर असतं. सिगारेट सोडली म्हणणारे कधी कधी चुन्यासोबत तंबाखू मळत असतात, मावा खात असतात. घरातल्या बायका मिश्री लावतात आणि तिला तंबाखू समजतच नाहीत. या सगळ्यात निकोटीन आहे. शस्त्रक्रियेच्या आधी आठवडाभर आणि नंतर दोन आठवडे तरी पूर्ण बंद हवं, आणि तेवढे दिवस जमलं तर पुढेही का नाही जमणार? दारू पहिला आठवडा नको. तिच्यानं सूज वाढते आणि झोपेत माणूस बेसावध होतो. काही अँटिबायोटिकसोबत ती चालतही नाही.

व्यायामाचं उत्तर कामाच्या प्रकारावर अवलंबून आहे. चालणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चालतं. घाम गाळणारा व्यायाम, जिममधली वजनं यांना तीन आठवडे थांबा, पोहण्याला महिना. ज्यांची मागून त्वचेची पट्टी काढून टाके घातलेत, म्हणजे एफयूटी झालीय, त्यांनी मानेवर ताण येणारं काही दीड-दोन महिने करू नये, नाहीतर मागचा व्रण रुंद होतो. शेतात, बांधकामावर उन्हात काम असेल तर दहाव्या दिवसानंतर सैल टोपी घालाच. आपल्या सावळ्या त्वचेत लालसरपणा नंतर काळपट डाग बनून राहतो, आणि ऊन त्याला खतपाणी घालतं.

आता पुढच्या महिन्यांचं. धीर खरा सुटतो तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, आणि तेव्हा क्लिनिकमधून फोन येणंही बंद झालेलं असतं.

दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात बसवलेले बहुतेक केस गळतात. काहींचे आजूबाजूचे मूळचे केसही गळतात, विशेषतः जे आधीच बारीक झाले होते. मग डोकं शस्त्रक्रियेच्या आधीपेक्षा विरळ दिसतं. विश्रांतीला गेलेलं मूळ साधारण तीन महिने तसं राहतं, म्हणून नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात डोकं वर काढतात. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. गणित तुम्हीच करा : चौथ्या महिन्यात उगवलेला केस सहाव्या महिन्यात दोन सेंटिमीटरचा असतो, शिवाय सगळे एकदम उगवत नाहीत आणि सुरुवातीला ते बारीक, कधी वेडेवाकडे असतात. सहाव्या महिन्यात कुणी "फसलो" म्हणत आलं तर मी हेच गणित त्यांच्यासमोर मांडतो. पुढच्या भागाचा खरा अंदाज नवव्या ते बाराव्या महिन्यात येतो. डोक्याच्या मागच्या वर्तुळाला, म्हणजे भोवऱ्याच्या जागेला, दीड वर्षही लागतं. रोज आरशात मोजू नका. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, कोरड्या केसांचा फोटो काढा.

दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात मुरमांसारख्या पुळ्या येतील. बऱ्याचदा तो वर येणारा नवा केस असतो. कोमट पाण्यात भिजवलेलं कापड दिवसातून दोनदा दहा मिनिटं ठेवा, फोडू नका. एकाच जागी अनेक आल्या, पू झाला, दुखायला लागलं, तर दाखवा. डोक्याचा काही भाग बधिर वाटणं, मुंग्या येणं, हे आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत चालू राहू शकतं. ते हळूहळू जातं.

कटिंगला मागच्या बाजूला मशीन महिन्यानंतर, पुढे कात्री महिन्यानंतर, पुढे मशीन अडीच-तीन महिन्यांनी. मेंदी आणि डाय दीड-दोन महिन्यांनी, तेही आधी कानामागे लावून पाहून. एक नाजूक प्रसंग असतो, तो कुणी आधी विचारत नाही. घरात मृत्यू झाला आणि क्षौर करायची वेळ आली तर? मुळं रुजल्यावर वस्तऱ्यानं केस काढल्यानं ग्राफ्टला धोका होत नाही, वस्तरा मुळापर्यंत पोचतच नाही. पण पहिल्या महिन्यात वस्तरा टाळूवर नको, छोटी जखमही तिथे महागात पडते. भटजींशी बोला, मी पाहिलंय की परिस्थिती सांगितली तर बहुतेक जण चार केस कापून विधी करून देतात. तिरुपतीचा नवस असेल तर तो वर्षभर पुढे ढकला.

औषधांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील. मागच्या भागातले केस पुढे लावले तरी ते आपला मूळचा स्वभाव सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये दाखवलं. हे सगळं शास्त्र त्यावर उभं आहे. म्हणजे बसवलेले केस टिकतील, पण त्यांच्यामागचे तुमचे मूळचे केस अनुवंशिक टक्कल पडण्याच्या वाटेवर आहेत तसेच राहतील. ३४ व्या वर्षी काहीच औषध घेतलं नाही तर काही वर्षांनी पुढे दाट पट्टा आणि त्यामागे मोकळी जागा, असं विचित्र दिसू शकतं. मिनॉक्सिडिल हे केसगळतीवरचं औषध बहुतेक वेळा खपल्या जाऊन त्वचा शांत झाल्यावर पुन्हा सुरू करतात, कधी ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवावं. फिनास्टेराइडची गोळी, रोज १ मिलिग्रॅम, ही पुरुषांच्या टक्कलावर परिणामकारक आहे, पण काहींमध्ये लैंगिक इच्छा कमी होणं, मन उदास होणं असे त्रास होतात. ते आधी मोकळेपणानं बोलून, समजून मग सुरू करावं. पत्नी गरोदर असेल तर तिनं तुटलेली गोळी हाताळू नये. ही गोळी चालू असताना रक्तदान करायचं नसतं. आणि बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा मारा करू नका. बायोटिनची कमतरता क्वचितच असते आणि या गोळ्यांनी थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. त्यापेक्षा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासून घ्या आणि डाळ, अंडी, दूध पोटभर खा. प्रत्यारोपणानंतर वजन उतरवायचा कडक डाएट धरणं म्हणजे उरलेले केस गळायला निमंत्रण. पीआरपीची, म्हणजे तुमच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग टाळूत टोचण्याची, पॅकेजेस तुम्हाला पुढे सुचवली जातील. ग्राफ्ट जगण्यासाठी ती अनिवार्य आहेत असं मी मानत नाही. पैसे मोजके असतील तर औषधांवर घाला.

ताबडतोब कधी दाखवायचं, हे नीट लक्षात ठेवा. दुखणं कमी होत जाण्याऐवजी वाढत असेल, पू किंवा दुर्गंधी असेल, ताप आला असेल, लाली बाहेर पसरत असेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्राफ्टच्या मधोमध जांभळट-काळा, थंड वाटणारा, न धुतला जाणारा डाग. खपली भिजली की मऊ पडते. हा डाग भिजवूनही मऊ पडत नाही. तिथल्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो, आणि त्यात एक दिवसही घालवू नये. धूम्रपान करणाऱ्यांत, मधुमेहींत आणि फार दाट ग्राफ्ट बसवलेल्यांत ही शक्यता जास्त असते.

राहिलं "नॉर्मल आहे" हे उत्तर. फोटोवरून खपलीखालचं दिसत नाही. तुम्हाला डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासणी करून घ्यायचा हक्क आहे, आणि ती कौन्सेलरकडून नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच मार्गदर्शन दिलंय की ही शस्त्रक्रिया रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावी. मग नंतरची जबाबदारीही त्यांचीच. पुण्याला जाणं जमत नसेल तर साताऱ्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना क्लिनिककडून लेखी कागद मागून घ्या : शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक, एकूण ग्राफ्ट आणि त्यात एक, दोन, तीन केसांचे किती, दिलेली औषधं आणि त्यांचे दिवस, मागून किती ग्राफ्ट काढले आणि तिथे पुढच्यासाठी किती शिल्लक आहेत. हा शेवटचा आकडा विसरू नका. पुढे कधी दुसऱ्यांदा प्रत्यारोपण करायची वेळ आली, तर कुठलाही डॉक्टर आधी तोच विचारेल.